डिफरन्शिएशनच्या गणितात कुठला नियम लावायचा हे ओळखायचं कसं? (लेक बारावीला आहे)

पुठ्ठेवाला परळ

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सचा, तोही जुन्या काळातला. लोअर परळला एका छोट्या प्रेसमध्ये आहे. मिठाईचे, साड्यांचे, औषधांचे बॉक्स छापायचे, पंच करायचे, चिकटवायचे. मापांशी रोजचा संबंध, पण कॅल्क्युलसशी कधीच आला नाही.

लेक बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. गणिताच्या दुसऱ्या भागात पहिलंच प्रकरण डिफरन्शिएशन आणि लगेच दुसरं त्याच्या उपयोगांचं. सूत्रांचा तक्ता तिने फ्रिजवर चिकटवलाय. तो तिला पाठ आहेच, पाणी प्यायला जाता-येता मलाही निम्मा झालाय. पण गणित समोर आलं की हिचा हात थांबतो. विचारलं तर म्हणते, "पप्पा, सूत्रं येतात, पण यात कुठलं लावायचं ते कळत नाही." क्लासमध्ये सर फळ्यावर आधी नियमाचं नाव लिहितात आणि मग त्याचीच दहा गणितं सोडवतात. तिथे सगळं समजतं. घरी स्वाध्याय उघडला की वर नाव लिहिलेलं नसतं.

तिने अडलेली चार गणितं लिहून दिलीत. मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे, म्हणून एक्सच्या जागी क्ष टाकतो:

(क्ष² + १) × साइन ३क्ष
साइन²क्ष आणि साइन(क्ष²), ही दोन तिला एकच वाटतात
लॉग(साइन क्ष)
क्ष चा क्ष घात

उपयोगाच्या प्रकरणात तर चक्क आमचा धंदाच आहे. चौकोनी पुठ्ठ्याचे चार कोपरे कापा, बाजू वर दुमडा आणि जास्तीत जास्त आकारमानाचा उघडा डबा करा. मला हसूच आलं. असे कोपरे कापून फेकणारा कारागीर आमच्याकडे संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. कोपऱ्याची पाकळी आत दुमडून चिकटवतात, बॉक्सला ताकद तीच देते. पण हे तिला सांगून काय उपयोग, पेपर काही मी तपासत नाही.

तर ओळखायची काही रीत आहे, की नुसती शंभर गणितं करत राहायची?

सीईटी २४ तास

काका, शंभर नाही, पाचशे. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप चालला पाहिजे. मागच्या वर्षांचे पेपर काढा आणि सोडवत सुटा.

वही आणि खडू

वरच्या बाळाला प्रेमाने सांगते, की चुकीच्या सवयीने पाचशे गणितं केली तर चुकीची सवयच पक्की होते. हात आपोआप चालतो, पण भलतीकडे.

मी गिरगावात ज्युनियर कॉलेजला गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. पुठ्ठेवाले, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. फळ्यावर आधी नियमाचं नाव लिहायची पद्धत मला कधीच पटली नाही, कारण अवघड भाग नेमका तोच असतो आणि तो शिक्षकच करून टाकतो.

तिला एवढंच सांगा: क्ष च्या जागी २ घाल आणि उत्तर काढायला घे. कॅल्क्युलेटरवर सगळ्यात शेवटी कुठलं बटण दाबलंस? ते बटण नियम सांगतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसेल, पण ही उजळणी मनातल्या मनात होते.

शेवटी गुणिले दाबलं तर प्रॉडक्ट रूल, भागिले दाबलं तर क्वोशंट रूल. शेवटी अधिक-वजा असेल तर तुकडे सुटे करायचे. आणि शेवटी साइन, लॉग, वर्गमूळ किंवा घात असं एखादं बटण आलं तर चेन रूल: बाहेरच्याचं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) घ्यायचं, आतलं जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याला आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणायचं.

आता तिची गणितं. (क्ष² + १) × साइन ३क्ष मध्ये शेवटी गुणिले येतं, म्हणून बाहेरून प्रॉडक्ट रूल. पण त्याच्या पोटात साइन ३क्ष आहे. तो एकटा समोर ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. त्यात शेवटचं बटण साइन, म्हणजे तिथे चेन, आणि येतं ३ कॉस ३क्ष. एकूण उत्तर २क्ष साइन ३क्ष + ३(क्ष² + १) कॉस ३क्ष. एका गणितात दोन नियम आले म्हणून मुलं गांगरतात. दोन्ही एकदम लावायचे नसतात, कांद्यासारखं बाहेरून एकेक पापुद्रा काढत आत जायचं असतं.

साइन²क्ष मध्ये आधी साइन, मग वर्ग. शेवटी वर्ग, म्हणून २ साइन क्ष कॉस क्ष. साइन(क्ष²) मध्ये आधी वर्ग, मग साइन. शेवटी साइन, म्हणून २क्ष कॉस(क्ष²). घोळ लिहिण्याच्या पद्धतीमुळे होतो, कारण साइनच्या डोक्यावर २ लिहिलेला असला तरी वर्ग नंतर करायचा असतो. पहिले काही दिवस तिला (साइन क्ष)² असंच लिहू दे.

लॉग(साइन क्ष) मध्ये शेवटी लॉग. म्हणून १ भागिले साइन क्ष, गुणिले कॉस क्ष, म्हणजे कॉट क्ष.

क्ष चा क्ष घात हे मात्र माझं लाडकं. अर्धा वर्ग घाताचं सूत्र लावतो आणि क्ष × क्ष चा (क्ष−१) घात लिहितो, म्हणजे पुन्हा क्ष चा क्ष घातच. उरलेला अर्धा वर्ग २ चा क्ष घात असतो तसं समजून क्ष चा क्ष घात × लॉग क्ष लिहितो. दोन्ही चूक. पहिलं सूत्र घात स्थिर असताना चालतं, दुसरं पाया स्थिर असताना, आणि इथे दोघेही हलतायत. म्हणून या सगळ्याला य म्हणायचं आणि दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा: लॉग य = क्ष लॉग क्ष. आता उजवीकडे साधा गुणाकार उरला. उत्तर येतं क्ष चा क्ष घात × (१ + लॉग क्ष). गंमत बघा, वरच्या दोन चुकीच्या उत्तरांची बेरीज केली की हेच बरोबर उत्तर मिळतं. हा योगायोग नाही. एकदा पाया हलवून घात धरून ठेवायचा, एकदा घात हलवून पाया धरून ठेवायचा आणि दोन्ही बदल मिळवायचे. प्रॉडक्ट रूलही आतून हेच करतो.

प्रॉडक्ट रूलवरून आठवलं. दोघांची डेरिव्हेटिव्ह काढून सरळ गुणून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ज्याने आपल्याला 'डी' हे चिन्ह दिलं त्या लायब्निझनेही १६७५ च्या नोव्हेंबरात आपल्या कागदांत हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि उदाहरण घेतल्यावर नाही असं ठरवलं. आपणही बघू: क्ष × क्ष घ्या. मोहात पडलात तर १ × १ = १. खरं उत्तर २क्ष. संपला विषय.

आणि एक. नियम शोधायच्या आधी समोरचं सोपं होतंय का ते बघायचं. लॉगच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात (१ + क्ष) भागिले (१ − क्ष), असं दिसलं की मुलं चेन, पुन्हा चेन, मग क्वोशंट असं अर्धं पान भरतात. लॉगचे नियम आधी लावले तर ते अर्धा × [लॉग(१ + क्ष) − लॉग(१ − क्ष)] होतं आणि दोन ओळींत १ भागिले (१ − क्ष²) येतं. बोर्डाला अशी गणितं फार आवडतात. टॅन इन्व्हर्सच्या पोटात २क्ष भागिले (१ − क्ष²) दिसलं तर क्ष ला टॅन थीटा म्हणून मोकळं व्हायचं, उत्तर २ भागिले (१ + क्ष²).

वेसावकर

मॅडम, शेवटच्या बटणाची युक्ती मी एसवाय बीएस्सीला असून मला कुणी सांगितली नव्हती. चेन रूलमधलं 'आतल्याचं डेरिव्हेटिव्ह' विसरलं की काय होतं ते आमच्या खाडीत बघा, काका.

समजा उधाणाच्या दिवशी भरती ४.६ मीटर आणि ओहोटी ०.६ मीटर आहे. मध्य २.६, त्याच्या वर-खाली २ मीटर. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२.४ तासांनी येते. म्हणून भरतीनंतर ट तासांनी पाण्याची उंची = २.६ + २ कॉस(२ पाय ट ÷ १२.४). इथे पाय म्हणजे ३.१४ वाला.

डेरिव्हेटिव्ह घेताना बाहेरचा कॉस जाऊन वजा साइन येतो, पण आतला २ पाय ÷ १२.४ बाहेर येऊन गुणला जातो. तो साधारण ०.५१ आहे. म्हणजे पाणी जास्तीत जास्त जोरात उतरतं तेव्हा वेग २ × ०.५१, तासाला जेमतेम एक मीटर. आतलं विसरलात तर तासाला दोन मीटर, म्हणजे थेट दुप्पट. होडी खाडीतून काढायचा हिशेब असल्या आकड्यावर केला तर घरचे दुसऱ्या दिवशी होडीवर पाठवणार नाहीत.

आता सूत्र बाजूला ठेवून पाणी बघा. भरती पूर्ण झाली की पहिल्या अर्ध्या तासात ते सहा-सात सेंटीमीटरच उतरतं, बघणाऱ्याला थांबल्यासारखं वाटतं. पहिल्या पूर्ण तासात पाव मीटर. पण मधल्या तासात पूर्ण एक मीटर. माझ्या आजोबांनी कॉस कधी पाहिला नाही, पण पाणी मध्यावर पळतं आणि दोन्ही टोकांना रेंगाळतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. टोकाला डेरिव्हेटिव्ह शून्य असतं म्हणून तसं होतं, हे मला यंदा कळलं.

दोन गोष्टी राहिल्या. कोन रेडियनमध्येच हवा, डिग्रीत ठेवलात तर साइन-कॉसची ही सूत्रं चालत नाहीत, पाय ÷ १८० चा जादा गुणक येतो. आणि खरा समुद्र एवढा साधा नाही. मुंबईत दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, भांगाच्या (उधाण नसलेल्या) दिवसांत चढ-उतार बराच कमी असतो. भरती-ओहोटीचे तक्ते करताना असे कितीतरी कॉस एकत्र मिळवतात.

वही आणि खडू

वेसावकर, छान. टोकाला बदल शून्य होतो हे आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली ग्रहांच्या गतीबद्दल लिहून ठेवलंय. तात्कालिक गती काढताना ज्येतला (साइनमधला) बदल कोज्येच्या (कॉसच्या) प्रमाणात असतो हेही त्यांनी वापरलं. कॅल्क्युलस सगळं त्यांनीच शोधलं असं मी म्हणणार नाही, तसले मेसेज मला रोज सकाळी येतात. पण साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, हे त्यांच्या हाती लागलं होतं.

पुठ्ठेवाला परळ

मॅडम, शेवटचं बटण लेकीला एकदम लागू पडलं. आता प्रत्येक गणिताआधी हवेत बोट दाबते. आई विचारते हिला काय झालंय.

पण माझा वेगळाच प्रश्न. तो डब्याचा हिशेब मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत करून बघितला. ३० बाय ३० सेंटीमीटरचे रद्दीतले पुठ्ठे होते. कोपऱ्याचा चौकोन ३ चा कापला तर तळ २४ बाय २४, आकारमान १७२८. ४ चा कापला तर १९३६. ५ चा कापला तर २०००. ६ चा कापला तर १९४४. पुस्तकातलं उत्तरही ५ च आहे. पण ४ पासून ६ पर्यंत कुठेही कापलं तरी फरक तीन टक्क्यांच्या आसपासच राहतो! मग ते डेरिव्हेटिव्ह शून्याला समान करायचा एवढा खटाटोप कशाला?

वही आणि खडू

पुठ्ठेवाले, तुम्ही कात्रीने जे बघितलं ते माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी वर्षभरात बघितलं नसेल. फरक पडत नाही हेच तर डेरिव्हेटिव्ह शून्य असण्याचं म्हणणं आहे.

आकारमान = क्ष(३० − २क्ष)². शेवटी गुणिले, म्हणून प्रॉडक्ट रूल, आत चेन. आवरून घेतलं की (३० − २क्ष)(३० − ६क्ष) येतं. हे शून्य होतं क्ष = ५ ला आणि क्ष = १५ ला. १५ चे चौकोन कापले तर पुठ्ठाच उरत नाही, आकारमान शून्य, सगळ्यात वाईट डबा. डेरिव्हेटिव्ह दोन्हीकडे शून्यच म्हणतं. कुठला माथा आणि कुठला तळ हे दुसरं डेरिव्हेटिव्ह सांगतं: २४क्ष − २४०. ते ५ ला −१२०, म्हणजे माथा. १५ ला +१२०, म्हणजे तळ. ही ओळ मुलं गाळतात आणि तिचे गुण जातात.

आता तुमच्या कामाचं. क्ष = ३ ला डेरिव्हेटिव्ह किती? २४ × १२ = २८८. म्हणजे ३ वर असताना तुमची डाय एक मिलिमीटरने, ०.१ सेंटीमीटरने सरकली, तर आकारमान साधारण २८.८ ने बदलेल. प्रत्यक्ष ३.१ घालून बघा: १७५५.९६, म्हणजे २७.९६ चा फरक. अंदाज जवळपास बरोबर. आता ५ वर तीच एक मिलिमीटरची चूक करा. ५.१ ला १९९९.४, ४.९ ला पण १९९९.४. फरक एक घन सेंटीमीटरसुद्धा नाही.

म्हणून उत्तर ५ आलं, याचा अर्थ बरोबर ५ च कापा एवढाच नाही. तिथे हात थोडा हलला तरी चालतो, हेही त्यातच आलं. पुस्तकात हे एका ओळीत 'अंदाजे किंमत' या नावाखाली येतं, तीन गणितं सोडवली जातात आणि पुढे जातात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला कामाचा भाग तोच. चौरस पुठ्ठ्याला उत्तर नेहमी बाजूचा सहावा हिस्सा येतं. ३० ऐवजी अ लिहून तिला करायला सांगा.

पुठ्ठेवाला परळ

मी त्यांची मुलगी, पप्पांच्या अकाउंटवरून. मॅडम, अ ÷ ६ आलं. थँक यू.

एक शिडीचं गणित अडलंय. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीय, खालचं टोक भिंतीपासून सेकंदाला ०.५ मीटर सरकतंय. ते ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतं? मी पायथागोरसने उंची ४ काढली. मग ४ चं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर शून्य. म्हणजे शिडी पडतच नाही.

वही आणि खडू

बाळ, तू आकडे फार लवकर घातलेस. ४ हा एका क्षणाचा आकडा आहे. तो घातला की उंची गोठली, आणि गोठलेल्या गोष्टीचं डेरिव्हेटिव्ह शून्यच येणार. तुझं डिफरन्शिएशन बरोबर आहे, क्रम उलटा आहे.

आधी सगळ्या वेळी खरं असलेलं नातं लिही: क्ष² + य² = २५. इथे क्ष (खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर) आणि य (वरच्या टोकाची उंची) दोघेही वेळेप्रमाणे बदलतात, म्हणून दोन्ही वर्गांना चेन रूल लागतो: २क्ष × (क्ष चा वेग) + २य × (य चा वेग) = ०. आकडे आत्ता घाल. ३ × ०.५ + ४ × (य चा वेग) = ०. म्हणून य चा वेग −०.३७५ मीटर दर सेकंद. शंकू, टाकी, फुगा, सावली, या सगळ्या गणितांना हाच क्रम. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही. मीटर दर सेकंद हवं असताना नुसते मीटर आले तर काहीतरी राहिलंय हे तुझं तुलाच कळेल.

तुझ्यासाठी एक: खालचं टोक ४.८ मीटरवर पोचल्यावर वरच्या टोकाचा वेग किती?

पुठ्ठेवाला परळ

तेव्हा उंची १.४. मग −(४.८ × ०.५ ÷ १.४), म्हणजे −१.७१ मीटर दर सेकंद. आधीपेक्षा चौपटीहून जास्त?! खालचं टोक तर त्याच वेगाने सरकतंय.

वही आणि खडू

हो, कारण भागाकारात खाली य आहे आणि तो लहान होत चाललाय. अगदी जमिनीजवळ तर सूत्र वाटेल तेवढा वेग दाखवतं. खरी शिडी त्याआधीच भिंत सोडते, पण ते फिजिक्सच्या सरांना विचार.

उत्तर लिहिताना एक सांभाळ. 'वरचं टोक १.७१ मीटर दर सेकंद वेगाने खाली येतं' असं लिही. '−१.७१ वेगाने खाली येतं' लिहिलंस तर शिडी वर चढायला लागेल.